मातीवर उमटलेली ती

परवा सकाळी दारात रांगोळी काढत होते. लेक मागे उभी राहून म्हणाली, "आई, दहा मिनिटांत कुणीतरी पाय देईल त्यावर. निदान फोटो तरी काढू दे!" तिने फोटो काढला आणि मग तिच्या कलामहाविद्यालयाच्या प्रोजेक्टमधली एक बाई मला दाखवली. आना मेंदिएता.

पहिलाच फोटो बघून मी दचकले. मेक्सिकोतल्या यागुल इथली, झापोटेक लोकांची एक जुनी, उघडी कबर. आत आना विवस्त्र झोपलेली. अंगावर पांढऱ्या फुलांचे झुबके असे, की वाटावं तिच्या शरीरातूनच उगवलेत. चेहरा दिसतच नाही. साल १९७३. "हे कसलं गं?" मी विचारलं. लेक म्हणाली, "आधी तिची गोष्ट तर ऐक."

आनाचा जन्म १९४८ सालचा, क्युबातल्या हवानाचा. क्रांतीनंतर क्युबातल्या अनेक आईबापांनी आपली मुलं एकटीच अमेरिकेत पाठवली. १९६० ते ६२ या काळात अशी चौदा हजारांहून जास्त मुलं गेली. त्यातच १९६१ मध्ये बारा वर्षांची आना आणि तिची मोठी बहीण. दोघी पोचल्या थेट आयोवात. कधी अनाथाश्रम, कधी परक्यांची घरं. आई भेटली १९६६ मध्ये. वडील क्युबाच्या तुरुंगात होते. ते आले तेव्हा १९७९ साल उजाडलं होतं.

घर सुटलं, भाषा सुटली, माती सुटली. आयोवा विद्यापीठात आना चित्रकला शिकली, पण रंग-कॅनव्हासवर तिचं मन रमेना. ती सरळ रानात, ओढ्याकाठी, समुद्रावर जाऊ लागली. सुरुवातीला स्वतः मातीत, गवतात झोपायची. मग नुसता आपल्या देहाचा आकार मागे ठेवू लागली. चिखलात कोरलेला, फुलांनी भरलेला, बर्फातला, कधी दारू भरून पेटवलेला. १९७३ ते १९८० या काळात आयोवात आणि मेक्सिकोत तिने असे आकार केले. ही तिची 'सिल्युएटा' मालिका.

हे आकार टिकणारे नव्हतेच. म्हणून ती त्यांचे फोटो काढायची आणि सुपर एट कॅमेऱ्यावर छोट्या मूक फिल्म करायची. बहुतेक फिल्म जेमतेम तीन मिनिटांच्या. एका मालिकेत समुद्राच्या वाळूत तिचा आकार लाल रंगाने भरलेला आहे. एकेक लाट येते, थोडा लाल रंग घेऊन जाते. शेवटी वाळू जवळजवळ कोरी. बघताना घशात काहीतरी अडकतं.

१९७८ मध्ये ती न्यूयॉर्कला आली, स्त्रियांनीच चालवलेल्या ए.आय.आर. गॅलरीत सामील झाली. १९८० मध्ये, तब्बल एकोणीस वर्षांनी, तिचे पाय क्युबाला लागले. पुढच्याच वर्षी हवानाजवळच्या हारुकोच्या चुनखडीच्या गुहांमध्ये तिने बाईचे आकार कोरले आणि त्यांना तिथल्या मूळ ताइनो लोकांच्या देवींची नावं दिली. माहेरच्या भिंतीवर लेकीने हात उमटवावेत, तसंच वाटलं मला ते.

८ सप्टेंबर १९८५ रोजी न्यूयॉर्कमधल्या घराच्या चौतिसाव्या मजल्यावरून पडून ती गेली. वय अवघं छत्तीस. तिचा नवरा, शिल्पकार कार्ल आंद्रे याच्यावर खुनाचा खटला चालला. १९८८ मध्ये कोर्टाने त्याला निर्दोष ठरवलं. पुढे कितीतरी वर्षं त्याच्या प्रदर्शनाबाहेर बायका उभ्या राहून विचारत राहिल्या, आना मेंदिएता कुठे आहे?

मैत्रिणींनो, आनाचं सगळंच मला कळलं असं मी म्हणणार नाही. पण एक मात्र आतून कळलं. माझ्या आईचं गाव उजनीच्या पाण्यात गेलं. ज्या उन्हाळ्यात पाणी खूप खाली जातं, तेव्हा ती हट्टाने तिथे जाते. घराचं जोतं शोधते, चिखलात अनवाणी उभी राहते, काही बोलत नाही. आम्ही मात्र "चल, ऊन लागेल" म्हणून तिच्या मागे लागतो.

यंदा पाणी उतरलं, की मी तिला घाई करणार नाही. लेकीलाही सोबत नेईन. चिखलात उमटलेल्या आजीच्या पावलांचा एक फोटो काढायला सांगीन. पावसाळ्यात पाणी परत येणारच आहे.