मुख्यपानावरचा पडदाभर फोटो

मंडळाच्या संकेतस्थळावर उघडताक्षणी गणेशोत्सवाचा पडदाभर फोटो दिसावा, अशी सभासदांची सूचना आहे. जरूर लावावा, पण आधी हिशेब पाहू. मोबाईलने काढलेला फोटो सहज ५ एमबीचा असतो. २ एमबीपीएस वेगाने तो उतरायला २० सेकंद लागतात. तेवढा वेळ कोण थांबणार? रुंदी १९२० पिक्सेल करून जेपेगमध्ये साठवला, तर तो बहुधा ३००-४०० केबीत बसतो. डोळ्यांना फरक जाणवत नाही.

मोबाईलच्या उभ्या पडद्यावर फोटोच्या बाजू कापल्या जातात. म्हणून मूर्ती मध्यभागी हवी. कडेचे पदाधिकारी गेले तरी चालेल! कार्यक्रमाची तारीख मात्र फोटोत लिहू नये. अंध सभासदांना मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर चित्रातली अक्षरे सहसा वाचत नाही. तारीख फोटोखाली वेगळी टाईप करावी.