चाल कुठलीही चालते

भीमाशंकरच्या मंदिरासमोर एक मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर मेरीमातेची आकृती आहे. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा देशावरच्या देवळांत आल्या. ही त्यांतलीच एक. एका धर्माचा नाद दुसऱ्या धर्माच्या दारात आला, पण लढाईच्या वाटेने. याच मंदिरापासून घाटवाटा खाली खांडसला, रायगड जिल्ह्यात उतरतात. त्या जिल्ह्यातल्या गावांची आडनावे लावणाऱ्या एका समाजाने दुसऱ्या धर्माचा नाद मागून घेतला, शिकून घेतला. ती गोष्ट मला घंटेपेक्षा मोठी वाटते.

हा समाज बेने इस्राएल यहुद्यांचा: पेणकर, रोहेकर, अष्टमकर, दिवेकर. पूर्वज गलबत फुटून अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागले, अशी त्यांची कथा. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून गावात ते शनिवार तेली. बोली मराठी, प्रार्थना हिब्रू.

आता समजा, या समाजातल्या दहा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींचा गायकवृंद उभा करायचा आहे. गाणी कुठली निवडायची?

नियम ऐकून आधी छाती दडपते. शब्बाथला वाद्य वाजवायचे नाही, म्हणून शनिवारी गायचे गाणे नुसत्या गळ्यावर उभे राहिले पाहिजे. ईश्वराचे नाव प्रार्थनेबाहेर उगाच घ्यायचे नाही, म्हणून कित्येक वृंदांत तालमीपुरता तिथे दुसरा शब्द घालतात. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोक पाळतात ते तीन आठवडे संगीताविना जातात. सनातनी घरांत वयात आलेल्या मुलींचे गाणे पुरुषांनी ऐकू नये असे मानतात, त्यामुळे मिश्र वृंद उभा राहील की नाही इथपासून प्रश्न.

आणि मग कळते की एवढ्या कडक घरात चालीला मात्र मुक्तद्वार आहे! सोळाव्या शतकात सफेद नावाच्या गावात श्लोमो अल्काबेत्झ यांनी शब्बाथच्या स्वागताचे ‘लेखा दोदी’ रचले. पहिल्या आठ कडव्यांची आद्याक्षरे जुळवली की कवीचे नाव निघते, म्हणजे शब्द हलवायची सोय नाही. चाली मात्र शेकड्यांनी आहेत आणि अजून होताहेत. इस्राएल नजारा या कवीने १५८७ मध्ये आपल्या भक्तिगीतांचे पुस्तक छापले, तेव्हा गाण्याच्या डोक्यावर बाजारात गाजणाऱ्या तुर्की, अरबी, स्पॅनिश गाण्याचा उल्लेख केला. म्हणजे याच्यावर गा! जुन्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदावर ‘चाल’ म्हणून छापलेले असते ना, अगदी तेच.

‘अदोन ओलाम’ या स्तोत्राबद्दल तर यहुदी मुले सांगतात की ते कुठल्याही चालीवर बसते. का बसते, हे पाहताना मी थक्क झालो. दहाव्या शतकात दुनाश बेन लाब्रात यांनी अरबी वृत्ते हिब्रूत आणली. त्यांतल्या हजज वृत्तात हे स्तोत्र आहे: एक लघू, तीन गुरू, लगागागा, लगागागा. दोन्ही चरणार्ध मिळून ही लगावली चारदा येते. मराठी गझल लिहिणाऱ्याने हे मोजले तर तो ताडकन उठून बसेल, कारण हे आपले वियद्गंगा आहे. अरबीतून एक फाटा स्पेनच्या यहुद्यांकडे गेला, दुसरा फारसी-उर्दूमार्गे मराठी गझलेत आला. आजच्या हिब्रू उच्चारात ऱ्हस्व-दीर्घ तितके काटेकोर उरलेले नाही, पण हाडांचा सांगाडा तोच आहे. वियद्गंगेतल्या मराठी गझलेची चाल घेऊन मुलांना हे स्तोत्र म्हणायला लावा. अक्षरे आपापल्या जागी जाऊन बसतील.

बेने इस्राएलांनी याहून धाडसी पाऊल टाकले. १८८० च्या सुमारास मुंबईत बेंजामिन शिमशोन अष्टमकर आणि त्यांच्या सोबत्यांनी चक्क कीर्तन उभे केले. साकी, दिंडी, ओवी, पदे, मधे निरूपण, सगळे हरिदासांचे. आख्यान मात्र अब्राहामाचे, योसेफाचे, मोशेचे. त्याच सुमारास पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले, तेही साक्या-दिंड्या घेऊन. त्या काळी मराठी कानाला गोष्ट गाऊनच ऐकायची होती. हिब्रू पाठ असली तरी अर्थ कळणारे थोडे. ज्या आईला पोथी उलगडत नव्हती तिला योसेफाच्या भावांची कपटकथा साकीतून कळली असणार. उसने घेणे इतके उपयोगी पडल्याची उदाहरणे कमी. पुढे समाजातले बहुतेक लोक इस्राएलला गेले, तिथे ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक निघाले, आणि मराठी यहुदी गाणी तिथेही गायली गेली.

म्हणून अशा वृंदाच्या यादीत निव्वळ हिब्रू गाणी घातली तर फार मोठे काही सुटते, असे माझे ठाम मत आहे. सुरुवात ‘एलियाहू हन्नाबी’ने करावी. गोडे पोहे, खोबरे आणि फळांचे ताट मांडून मलिदा करतात तेव्हा ते घरोघर गातात; मुलांना ते शिकवावे लागत नाही, आणि पहिल्याच तालमीत सगळे एका सुरात येतात. मग ‘अदोन ओलाम’, दोन चालींवर: एक परंपरेची, एक मुलांनी स्वतः आणलेली. आणि मधोमध जुन्या कीर्तनातली मराठी साकी. ती एकट्याने म्हणायची असते, मागून बाकीच्यांनी शेवटचा चरण उचलायचा. तेराच्या आसपास आवाज फुटलेल्या मुलाला नेमके हेच सोसते: त्याच्या वाट्याला झेलायचा चरण द्यावा, खालच्या पट्टीत, आणि वर्षभराने आवाज बसला की साकी त्याच्याकडे सोपवावी.