गाडीचा गंज आणि विजेची पेटी

बॅटरीशेजारी बसवायची एक लहान पेटी, तिच्यातून निघणाऱ्या दोन-तीन वायरी, बॉडीच्या पत्र्यावर चिकटवायच्या चकत्या आणि पेटीवर सतत पेटलेला दिवा: मोटारी आणि ट्रक गंजू नयेत म्हणून विकल्या जाणाऱ्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांचे रूप साधारणपणे असे असते. अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत आणि कॅनडात हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकतात. ते खारे पाणी महिनोन् महिने गाडीच्या पोटाखाली उडत राहते, त्यामुळे या पेट्यांना गिऱ्हाईकही तिथेच मिळते. पेटी पत्र्यात सूक्ष्म वीजप्रवाह सोडते आणि गंज चढू देत नाही, असा दावा केला जातो. हा दावा टिकत नाही. मात्र तो ज्या शास्त्राचा आधार घेतो ते अस्सल आहे, आणि म्हणूनच शिकलीसवरली माणसेही त्याला भुलतात.

गंजणे ही विजेचीच क्रिया आहे. ओल्या लोखंडाच्या एखाद्या जागी अणू आपले इलेक्ट्रॉन मागे ठेवून पाण्यात उतरतात. ही जागा म्हणजे अ‍ॅनोड. ते इलेक्ट्रॉन धातूतून दुसऱ्या जागी, म्हणजे कॅथोडकडे जातात आणि तिथे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन ते घेतो. दोन्ही जागांना जोडणारा पाण्याचा थर असला तरच हे मंडल पूर्ण होते. पाण्यात मीठ असेल तर वीज सहज वाहते आणि गंज झपाट्याने पसरतो. कोकणातल्या गाडीचा पत्रा घाटावरच्या गाडीच्या आधी सडतो, तो यामुळेच.

ही क्रिया उलट दिशेने वळवता येते. धातूला बाहेरून इलेक्ट्रॉन पुरवत राहिले तर तो सगळाच्या सगळा कॅथोड बनतो आणि गंजणे थांबते. 1824 मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी ब्रिटिश नौदलाच्या जहाजांवरील तांब्याच्या पत्र्यांसाठी हाच उपाय सुचवला. जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे तांब्याला जोडले की झिजायचे ते तुकडे, तांबे शाबूत राहायचे. अडचण वेगळीच निघाली. तांबे विरघळेनासे झाल्यावर त्याचे विषही पाण्यात उतरेना. शेवाळ आणि शिंपले तळाला चिकटू लागले, जहाजे मंदावली आणि नौदलाने तो उपाय सोडून दिला. पुढे 1928 मध्ये रॉबर्ट कुन यांनी न्यू ऑर्लिन्समधील गॅसच्या पाइपलाइनवर बाहेरून वीज देऊन हे तत्त्व यशस्वी करून दाखवले. आज जमिनीखालच्या पाइपलाइन, जहाजांचे तळ आणि मुंबई हायसारख्या ठिकाणचे तेलाचे फलाट याच पद्धतीने जपले जातात.

या सगळ्या उदाहरणांत एक गोष्ट सारखी आहे. वाचवायचा धातू आणि बाहेरून जोडलेला अ‍ॅनोड दोन्ही एकाच पाण्यात किंवा एकाच ओल्या मातीत बुडालेले असतात. गाडी मात्र हवेत उभी असते आणि हवेतून हा प्रवाह जात नाही. पाऊस पडला तरी पत्र्यावर तयार होते ती पाण्याची पातळ, तुटक साय. तिचा विरोध एवढा मोठा असतो की प्रवाहाचा परिणाम अ‍ॅनोडपासून फार तर काही सेंटिमीटर पोचतो. गंज सुरू होतो तो दाराच्या खालच्या दुमडीत, चाकाच्या कमानीत साठलेल्या चिखलाखाली, दोन पत्रे जिथे जोडलेले असतात त्या फटीत. अशा प्रत्येक जागचा ओलावा वेगळा, आणि तिथे अ‍ॅनोड नसतोच.

चकत्या तर बहुधा रंगावरच चिकटवलेल्या असतात. रंग वीजरोधक असल्यामुळे त्यातून स्थिर प्रवाह पुढे जात नाही. काही विक्रेते सांगतात की चकती आणि पत्रा मिळून एक कपॅसिटर बनतो आणि पत्र्यावर इलेक्ट्रॉन साठतात. पण गंज रोखायला साठा पुरत नाही; पाण्यातून मंडल पूर्ण करणारा अखंड प्रवाह लागतो. बॉडी बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेली असूनही गाड्या गंजतात, ते याच कारणाने. पेटीवरचा दिवा फक्त पेटीला वीज मिळते आहे एवढेच सांगतो.

मिठाच्या पाण्याने भरलेल्या पात्रात पत्रा आणि अ‍ॅनोड दोन्ही बुडवून प्रयोग दाखवला, तर तो खरोखर यशस्वी होतो. त्यात लबाडी नसते, पण ती परिस्थिती जहाजाची आहे, गाडीची नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 1996 मध्ये अशी उपकरणे विकणाऱ्या एका व्यावसायिकाला ग्राहकांची भरपाई करण्याचा आदेश दिला आणि ‘रस्ट बस्टर’, ‘रस्ट इव्हेडर’ ही नावे वापरण्यास बंदी घातली.

तरीही समाधानी ग्राहक भेटतात, कारण त्यांच्या गाड्या बऱ्याचदा खरेच गंजत नाहीत. त्याचे श्रेय कारखान्याचे असते. अलीकडच्या बहुतेक मोटारींच्या बॉडीला जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा मोठ्या प्रमाणावर वापरतात. शिवाय रंगाच्या आधी अख्खी बॉडी प्रायमरच्या हौदात बुडवून तिला विजेच्या ऋण टोकाशी जोडतात, त्यामुळे प्रायमर सांदीकोपऱ्यांतही बसतो. वीज इथे मनापासून राबते, कारण बॉडी द्रवात बुडालेली असते. अशा गाडीत पेटी बसवली काय आणि न बसवली काय, सुरुवातीची काही वर्षे फरक दिसत नाही.

ज्यांचा उपयोग होतो ते उपाय कष्टाचे आणि साधे आहेत. खालून पाण्याचा जोरदार फवारा मारून मीठ-चिखल काढणे, दाराच्या तळाची पाणी जाण्याची भोके तारेने मोकळी ठेवणे, पोकळ भागांत मेण किंवा तेल फवारणे. मासळी किंवा मीठ वाहणाऱ्या ट्रकची चासी प्रत्येक खेपेनंतर गोड्या पाण्याने धुतली पाहिजे. अंडरबॉडी कोटिंग करायचे तर पत्रा स्वच्छ आणि पूर्ण कोरडा हवा; ओल्या किंवा गंजलेल्या पत्र्यावर मारलेला थर ओलावा आत कोंडतो आणि गंज लपून वाढतो. रंगाला कुठे फोड आलेला दिसला तर तो चकचकीत लोखंड लागेपर्यंत खरवडून, प्रायमर मारून मगच रंगवावा.