ऑक्टोबरचे ऊन आणि काळ्या मातीतली बाग

पाऊस थांबला आणि ऑक्टोबरचे ऊन चटकू लागले, की खापरखेड्यातल्या अंगणांमध्ये पाण्याच्या नळ्या बाहेर निघतात. एखाद्या दुपारी लिंबूच्या झाडाची पाने मलूल दिसतात, जमिनीला भेगा पडू लागलेल्या असतात, आणि आपण घाईने बादली ओततो. मीही ओतली होती, सलग पंधरा दिवस. दिवाळीपर्यंत पाने पिवळी पडली, बुंध्यातून डिंक वाहू लागला. पुढचा उन्हाळा त्या झाडाने पाहिला नाही.

चूक माती ओळखण्यात होती. आपली काळी माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आक्रसते. वरचा थर तडकला तरी वीतभर खाली पावसाची ओल टिकून असते. त्यावर रोज पाणी पडले तर मातीतली हवेची जागा पाणी घेते. मुळे गुदमरतात, कुजतात. कुजलेले मूळ पाणी ओढू शकत नाही म्हणून झाड सुकते. आपल्याला वाटते, तहानले!

तेव्हा आधी खुरप्याने वीतभर खालची माती काढून मुठीत दाबा. चिकट गोळा झाला तर थांबा. गोळा होऊन बोटाने सहज फुटला, तर तो वाफसा. झाड सुखात आहे. गोळाच होत नसेल तर मात्र पाणी द्या, आणि पोटभर द्या. दुपारी मान टाकलेले झाड सकाळी टवटवीत दिसले, तर नळी गुंडाळून ठेवा. भेगा खुरपणीने बुजवल्या की ओल जास्त दिवस टिकते.

संत्रा, लिंबू यांना दुहेरी आळे करावे. बुंध्यालगत मातीची भर आणि पाणी बाहेरच्या आळ्यात. ओल्या बुंध्यावर डिंक्या रोग लवकर येतो. फळे धरलेल्या लिंबूला बरेच दिवस कोरडे ठेवून एकदम भरपूर पाणी दिले, तर फळे तडकतात.

वीज केंद्राच्या गावात आणखी एक घोटाळा होतो. पानांवर बसलेली राख धुताना रोज मुळाशीही पाणी जाते. पाने धुणे वेगळे, पाणी देणे वेगळे. धुवायची तर सकाळी, बारीक फवाऱ्याने.

कुंड्यांना हा हिशेब लागू नाही. त्या लवकर वाळतात, म्हणून बोटाचे दोन पेर खोल चाचपून पाहावे. कळ्या धरलेल्या शेवंतीला कोरडे पडू देऊ नये. थंडीत विसावणाऱ्या मोगऱ्याचे पाणी मात्र नोव्हेंबरपासून कमी करत न्यावे.