6174 कडे येणारे बाण

डेटा स्ट्रक्चरच्या जर्नलात आता ट्री छापून चिकटवलेलं चालतं. पेन्सिलीने काढायचा आग्रह सटाण्यात आता कुणी धरत नाही. मला तो जुना प्रकार आठवतो तो कापरेकरांमुळे.

देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनी 1949 मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत 6174 मांडली. चार अंक घ्या, चारही सारखे नकोत. उतरत्या क्रमाने लावा, त्यातून चढत्या क्रमाचे वजा करा, पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत 6174. खुद्द 1949 घेतलं तर 8442, 5994, 5355, 1998, 8082, 8532, 6174. सातही पायऱ्या लागतात! पुढची पंचवीस वर्षं सोडून देतो. 1975 मध्ये मार्टिन गार्डनरने 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये लिहिलं, तेव्हा कुठे आपल्या विद्वानांना देवळाली सापडली.

माझा काळ 1995 ते 2005. लॅबमध्ये टर्बो सी आणि डोक्यावर भारनियमन. वीज गेली की पोरं कार्डशीटवर एका आकड्याकडून पुढच्या पायरीच्या आकड्याकडे बाण काढायची. 0001 पासून धरले तर 9990 आकडे, प्रत्येकातून बाहेर जाणारा बाण एकच. म्हणजे अस्सल डायरेक्टेड ग्राफ. 6174 चा स्वतःकडेच वळणारा बाण सोडला, तर मुळाकडे धावणारं झाड. बाण कुठे जातो हे कुणीही सांगेल. येतो कुठून, तिथे घाम फुटायचा. एका मुलीने कांद्याच्या हिशोबपट्टीच्या कोऱ्या बाजूवर मांडलं: सर्वांत मोठ्या-लहान अंकांतला फरक गुणिले 999, अधिक मधल्या दोघांतला फरक गुणिले 90. संपलं. म्हणजे बाण फक्त 54 आकड्यांकडेच येतात, उरलेले 9936 नुसती पानं. 6174 कडे 384 बाण, त्यात एक 6174 चा स्वतःचा. वीज आल्यावर प्रोग्रॅमनेही तेच सांगितलं. तिची ती पट्टी मात्र कुणी जपली नाही.

बाहेरून आलेल्या एका परीक्षकांनी तो तक्ता पाहून "हा खेळ झाला, कॉम्प्युटर सायन्स नव्हे" म्हणत तोंडी परीक्षेचे गुण कापले होते. साहेब, गार्डनरचा लेख आला त्याच 1975 मध्ये जॉन पोलार्डने मोठ्या संख्यांचे अवयव पाडायची 'ऱ्हो' पद्धत छापली. ती अशाच एकेक बाणाच्या वाटेने चालते आणि वाट फिरून स्वतःवर कधी येते ते पाहते. तेव्हा हे उत्तर मला सुचलं नाही, सुचलं असतं तरी गुण वाढले नसते.

आताची पोरं हुशार आहेत, प्रोग्रॅम मिनिटात आणतात. बाण उलटा विचारला की मोबाईल काढतात.