तोंडी परीक्षेची दुबार पेरणी

आपल्या भागातली मुलं आता पुण्या-मुंबईपुरती राहिलेली नाहीत. एखादं पोरगं इतिहासात पीएच.डी. करायला अमेरिकेला जातं. दोन-तीन वर्षांनी फोन येतो, ‘लेखी पास झालो, तोंडीत अडलो, परत द्यायची आहे.’ पारावर मात्र बातमी पोचते ती अशी, की पोरगं नापास होऊन परत येतंय. आणि घरी बाप सातबारा काढायला तलाठ्याकडे निघतो. जरा थांबा. ही परीक्षा असते तरी काय, ते आधी पाहू.

तिकडे प्रबंधाला हात लावण्यापूर्वी ही परीक्षा द्यावी लागते. पहिली दोन-तीन वर्षे वर्ग, मग तीन-चार क्षेत्रे निवडायची. प्रत्येक क्षेत्राची पुस्तकांची यादी ठरते, आणि सगळी मिळून शंभराच्या पुढे सहज जातात. त्यावर आधी लेखी आणि मग तीन ते पाच प्राध्यापकांपुढे साधारण दोन तास तोंडी. आपल्याला हे अगदीच परके नाही. राहुरी, अकोला, परभणी, दापोली येथील कृषी विद्यापीठांतही पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला अशी लेखी व तोंडी पात्रता परीक्षा असते. आपली कृषी विद्यापीठे बऱ्याच अंशी अमेरिकेच्याच धर्तीवर उभी राहिली आहेत.

मग हुशार पोरगं तोंडीत अडतं कुठं? एक उदाहरण घ्या. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांकडून कर्जखते हिसकावून जाळली. लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत पोचले. त्याआधी १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे आपल्या कापसाला तेजी आली होती. युद्ध संपले, भाव पडला, वर सरकारने शेतसारा वाढवला आणि सावकाराने हात आखडला. पुढे १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. एवढे आपल्या पोराला पाठ असते. पण समिती ते विचारत नाही. रविंदर कुमार यांनी या दंग्याला गावगाड्यातल्या मोठ्या उलथापालथीची खूण मानले. नील चार्ल्सवर्थ म्हणाले, की त्याचे महत्त्व उगाच फुगवले गेले. समिती विचारते, ‘तुम्हाला कुणाचे पटते, आणि का?’

इथे आपलं पोर गप्प. मोठ्यांपुढे उलट बोलायचं नाही, गुरुजींनी सांगितलं ते खरं, हे आपणच लहानपणापासून शिकवलेलं. त्यात सगळं इंग्रजीतून आणि समोरचा मध्येच तोडणारा. डोक्यात असतं, तोंडात येत नाही. माझ्या मते यात बुद्धीचा काही दोष नाही. कागदावर खताच्या मात्रा अचूक लिहिणारा कृषी सहायकही पहिल्या शेतकरी मेळाव्यात असाच चाचरतो.

बहुतेक विभागांत या परीक्षेला एक संधी पुन्हा मिळते. लेखी उत्तीर्ण असेल तर काही ठिकाणी फक्त तोंडीच परत घेतात, काही ठिकाणी एखाद्या क्षेत्राची लेखीही. मुदतही जागोजागी वेगळी. म्हणून मुलाने विभागाची नियमपुस्तिका काढावी, आणि आपण कुठे कमी पडलो हे मार्गदर्शकाकडून लेखी घ्यावे. मोघम ‘अजून वाचा’ यावर समाधान मानू नये. मग बरोबरीच्या विद्यार्थ्यांना समोर बसवून सराव तोंडी घ्यावी, दर आठवड्याला, मोठ्याने बोलून. नुसती पुस्तके परत वाचत बसणे म्हणजे उगवण का झाली नाही हे न पाहताच तेच बियाणे परत टाकणे. दुसऱ्यांदाही अडले तर बहुधा एम.ए.ची पदवी घेऊन बाहेर पडावे लागते, हेही घरच्यांनी जाणून असावे.

आता पैशाचे. अमेरिकेत इतिहासाच्या पीएच.डी.ला बऱ्याच विद्यापीठांत शिकवण्याच्या कामाच्या बदल्यात फी माफ होते व विद्यावेतन मिळते. फेरपरीक्षेपर्यंत ते चालू राहील का, एवढे मुलाला विचारा. चालू असेल तर जमीन गहाण टाकायचं कारणच नाही. मात्र खचून जाऊन त्याने परस्पर सुट्टी घेऊ नये. विद्यार्थी व्हिसा नावनोंदणीवर टिकतो. आधी परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयात जावे. तलाठी आणि ग्रामसेवक भाऊसाहेबांनाही विनंती, असा बाप घाईने कागद काढायला आला तर दोन मिनिटे बसवून एवढे विचाराच.

आणि रविवारी फोन आला की ‘झालं का रे पास?’ एवढंच विचारू नका. म्हणा, ‘बाबा, ते सुप्याचं काय झालं होतं, सांग बरं मला.’ त्याला मराठीतून सांगू द्या. मध्ये अडवा, ‘अरे, पण सावकाराचंही काही म्हणणं असेल की,’ असं म्हणा. वाद घालू द्या त्याला तुमच्याशी.