वाण नाही, पण गुण लागला

'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला.' ही म्हण आई आम्हा भावंडांना सारखी ऐकवायची. संगत बिघडवते ती मुलांना, मोठ्यांना नाही, असा माझा समज होता. चाळिशीत तो पार धुऊन निघाला.

नव्या सोसायटीत राहायला आल्यावर मी दुपारच्या भिशीत सामील झाले. आम्ही आठजणी. सुरुवातीला मजा यायची. मुटक्यांची पाककृती, मुलांच्या परीक्षा, हसणं-खिदळणं. मग हळूहळू जी आली नसेल तिच्याविषयी बोलणं सुरू झालं. घरी येऊन मी सासूबाईंच्या साध्या बोलण्यातही खोट काढू लागले. मार्गशीर्षातल्या गुरुवारी कहाणीची पोथी भराभर वाचून मोकळी व्हायची, कारण लक्ष सगळं कुणाचा कलश जास्त सजला आणि वाण काय दिलं, याकडे! देव्हारा तोच होता, हात जोडणारी मात्र बदलली होती.

एका भिशीत मी बोलून गेले, ''चौथ्या मजल्यावरच्या मुलीला रोज रात्री कुणीतरी गाडीवरून सोडतं हं!'' महिन्याभराने कळलं, तिचं जमत आलेलं लग्न फिसकटलं. सोडणारा तिचा मामेभाऊ होता. तिची आई मला एका शब्दाने बोलली नाही. जिन्यात भेटल्यावर फक्त नजर वळवली. त्या रात्री मला झोप लागली नाही.

त्याच सुमारास वस्तीतल्या एका बचत गटाचे हिशेब लिहायला मी जाऊ लागले. तिथल्या एक मावशी डबे करून देतात. शिक्षण दुसरीपर्यंत. गटात कुणाची उणीदुणी निघाली की त्या शांतपणे म्हणतात, ''थांबा, ती येऊ दे. तिच्यासमोरच बोलू.'' बोलणं तिथेच संपतं! संध्याकाळी दिवा लावून त्या हरिपाठ म्हणतात. देवाकडे काय मागता, असं विचारलं तर म्हणाल्या, ''तोंड चांगलं राहू दे, एवढंच.''

हे ऐकलं आणि चार दिवसांनी मी चौथ्या मजल्यावर गेले. ''ते मी बोलले होते. चुकलं माझं,'' एवढंच म्हणता आलं. ताईंनी चहा विचारला नाही, पण दारही लावून घेतलं नाही. मोडलेलं लग्न काही माझ्या माफीने जुळलं नाही, हे ओझं माझ्याजवळ राहणारच.

कॉलेजात मराठी घेऊन बी.ए. करताना संतकवयित्री अभ्यासल्या होत्या, त्या आता उमगतात. गंगाखेडची जनाबाई नामदेवांच्या घरी दळण-कांडण करत होती. त्या घराच्या संगतीत तिचं जातंही देवाचं झालं. चोखामेळ्यांच्या घरात तर पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, मुलगा कर्ममेळा, सगळ्यांनीच अभंग रचले. श्रद्धाही शेजाराने लागते, ती अशी.

भिशी मी सोडली नाही. दोष काही त्या सातजणींचाच नव्हता, मीही त्यांची संगतच होते ना! आता विषय निघाला की मी मावशींचं वाक्य म्हणते. पहिल्यांदा सगळ्या गप्प झाल्या. परवा मात्र दुसरीच एकजण म्हणाली, ''थांबा गं, ती येऊ दे.''

मैत्रिणींनो, आपल्याला कुणाची संगत आहे हे आपण बघतोच. आपली संगत कुणाला कशी लागतेय, हेही कधीतरी बघूया का?